ही ठेव कोणाच्या नावावर?

दिवाळी अंकासाठी लेख मागताना संपादक एक गोष्ट हमखास बजावतात : "सणाचे दिवस आहेत, काहीतरी रंगीत द्या." मी त्यांची आज्ञा अक्षरशः पाळणार आहे. शाळेत मी चित्रकला शिकवतो. मॅट्रिक झाल्यावर ड्रॉइंगच्या परीक्षा दिल्या आणि खडू हातात घेतला, तो अजून सुटलेला नाही. कादंबऱ्या लिहिल्या त्या शाळा सुटल्यावर, रात्री. तेव्हा रंग हा माझ्या पोटापाण्याचाच विषय, आणि आज मी एका रंगावरच लिहिणार आहे. हा रंग बाजारात पुडीत मिळत नाही. तो ओढ्याच्या तळाशी, दगडाधोंड्यांवर थराथराने बसलेला असतो. आणि तो तिथे कोणी बसवला असे विचारले की भल्याभल्यांची तोंडे दुसरीकडे वळतात. ती वळू नयेत एवढ्यासाठी हा खटाटोप.

रंग कसा दिसतो ते आधी सांगतो. गंधक असलेल्या कोळशाच्या, किंवा तांबे-जस्त-कथिलाच्या जुन्या खाणीतून निघणारा एखादा ओढा घ्या. खाणीच्या तोंडाशी पाणी पुष्कळदा काचेसारखे स्वच्छ असते. तहानलेल्याने सरळ ओंजळ भरावी इतके. थोडे पुढे गेले की दगड पिवळसर दिसू लागतात, आणखी पुढे नारिंगी, आणि मग थेट विटकरी. हात घातला तर बोटांना मऊ, लिबलिबीत साका लागतो. जिथे दुसरा चांगल्या पाण्याचा ओढा येऊन मिळतो, तिथे कधीकधी दगडांवर दुधासारखे पांढरे पूट चढलेले असते. अमेरिकेतल्या कोळसा-खाणींच्या मुलखात या पिवळ्या साक्याला ‘यलो बॉय’ असे लाडके नाव आहे. घाणीला लाडके नाव दिले की तिची सवय होते, हा अनुभव आपल्यालाही नवा नाही.

आता कोणी म्हणेल, हा रंग तर आपल्या घरातलाच आहे. खरे आहे. सारवलेल्या अंगणाला आपण गेरूचा पट्टा ओढतो, तुळशीवृंदावन गेरूने रंगवतो. गेरूचा लाल रंग लोखंडाच्या ऑक्साइडचा. पिवळी माती ही त्याचीच बहीण. तिच्यातल्या लोखंडाने पाणी धरून ठेवलेले असते एवढाच फरक. ती भाजली की पाणी उडते आणि माती लाल होते, हे मी वर्गात मुलांना करून दाखवतो. ओढ्यातला साका याच घराण्यातला. त्यातल्या एका खनिजाला तर चांगले भारदस्त नाव आहे : श्वेर्टमनाइट. उडो श्वेर्टमान या जर्मन मृदाशास्त्रज्ञाच्या नावावरून ते ठेवले, आणि १९९४ साली फिनलंडमधल्या एका खाणीच्या नमुन्यावरून त्याचे रीतसर वर्णन प्रसिद्ध झाले. त्याआधी शेकडो वर्षे लोक त्याला नुसता गंज म्हणत आले होते.

पण घराणे एक असले तरी चालचलणूक एक नसते. अंगणातला गेरू डोंगराने हजारो-लाखो वर्षांत सावकाश तयार केलेला असतो. ओढ्यातला साका माणसाच्या घाईतून जन्मतो. तो कसा, हे समजल्याखेरीज पुढचे भांडण भांडता येणार नाही. म्हणून थोडे रसायनशास्त्र सोसावे लागेल. मी काही पदवीधर नाही. मला समजले ते तुम्हाला समजायला हरकत नाही.

या साऱ्या प्रकरणाचे मूळ पायराइट नावाच्या खनिजात आहे. लोखंड आणि गंधक यांचा हा संयोग. पितळेसारखा असा चमकतो की नवशिक्यांनी त्याला सोने समजून कपाळमोक्ष करून घेतला. इंग्रजीत त्याला ‘मूर्खांचे सोने’च म्हणतात. जमिनीच्या पोटात, हवेपासून दूर असतो तोवर हा गृहस्थ अगदी निरुपद्रवी. खाण खणली की त्याला हवा आणि पाणी यांची एकदमच गाठ पडते. मग लोखंड सुटते आणि गंधकाचे गंधकाम्ल होते. हिशेब असा : एक किलो पायराइट पुरता कुजला की सुमारे १.६ किलो गंधकाम्ल आणि सुमारे ०.९ किलो लोखंडाचा ओला साका तयार होतो. घातले त्यापेक्षा जास्त बाहेर आले, कारण हवा आणि पाणी यांनी आपली भर घातली. सावकारी व्याजाची आठवण व्हावी असाच हा व्यवहार आहे.

त्यात आणखी एक भागीदार असतो. १९४७ साली कोल्मर आणि हिंकल या अमेरिकन संशोधकांनी दाखवून दिले की या आम्लपाण्यात एक जंतू राहतो आणि लोखंडाच्या या फेरबदलावरच तो आपले पोट भरतो. आम्लात इतर जीव मरतात, हा पोसला जातो. नुसत्या हवेने जे काम रेंगाळत झाले असते, ते हा लाखो पटींनी वेगात करतो. म्हणजे एकदा सुरू झालेले हे दुकान रात्री-अपरात्रीही बंद होत नाही.

आता रंगांचा क्रम पाहा. आम्लपाणी खडकांतून जाताना लोखंड, ॲल्युमिनियम, मँगनीज असे जे भेटेल ते विरघळवून बरोबर घेते. विरघळलेले असते तोवर ते दिसत नाही. म्हणून खाणीच्या तोंडाशी पाणी स्वच्छ. पुढे हवा मिळते, इतर ओढ्यांचे पाणी मिळते, आम्लता उतरू लागते. आम्लता मोजण्याचा पीएच नावाचा जो दंडक आहे त्यावर साधे शुद्ध पाणी ७ वर, आणि लिंबाचा रस २ च्या आसपास. मधल्या प्रत्येक अंकाला आम्लता दहापट बदलते. हा आकडा साडेतीनच्या आसपास चढला की लोखंड झपाट्याने खाली बसू लागते : तो नारिंगी थर. पाचच्या घरात पोचला की ॲल्युमिनियम बसते : ते पांढरे पूट. आणि यातली मेख अशी, की लोखंड खाली बसताना पुन्हा आम्लच सोडते. ओढा रंग टाकतो आहे म्हणजे तो शुद्ध होतो आहे, असे समजणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. पुष्कळ साक्यांत आर्सेनिकसारखे विषही चिकटून बसलेले असते; ते तिथे स्वस्थ पडून राहीलच अशी हमी कोणी देत नाही.

या थराखाली काय मरते? ओढ्याचा तळ म्हणजे नुसते दगड नव्हेत. दगडांच्या फटींत किड्यांच्या अळ्या असतात, त्यांच्यावर मासे जगतात, त्याच फटींत पुष्कळ मासे अंडी घालतात. साका या फटी लिंपून टाकतो. अंड्यांना हवा मिळत नाही; अळ्यांना घर राहत नाही; पाण्यातले ॲल्युमिनियम माशांच्या कल्ल्यांवर बसते आणि ते गुदमरतात. म्हणून असा ओढा फार नितळ दिसतो. स्मशानातही वर्दळ नसतेच.

हे सारे परदेशातच घडते अशी कोणाची समजूत असेल तर ती दूर करतो. आपल्या देशात याचे सर्वांत ठळक उदाहरण मेघालयातल्या जैंतिया टेकड्यांत आहे. आपल्या विदर्भातल्या वर्धा खोऱ्याचा काय, झारखंड-बंगालकडचा काय, कोळसा फार जुना, आणि त्यात गंधक सामान्यतः शेकडा एकाहून कमी. ईशान्येकडचा कोळसा वयाने पुष्कळ लहान, पण गंधकाने श्रीमंत. शेकडा दोनपासून सातपर्यंत. त्यात पाऊस असा की साऱ्या जगात नावाजलेला. म्हणजे पायराइट आहे, पाणी आहे. कमी होती ती फक्त हवेची. ती माणसाने पुरवली.

तिथला कोळशाचा थर पातळ. म्हणून खाण काढायची रीत अशी, की आधी सरळ खाली खड्डा खणायचा आणि मग थराच्या मागोमाग आडवी भोके पाडत जायचे. ती इतकी अरुंद की माणसाला सरपटत शिरावे लागते. इंग्रजीत त्यांना ‘उंदराचे बीळ’ म्हणतात आणि ते नाव शोभणारे आहे. अशी हजारो बिळे त्या टेकड्यांत पडली. जमीन सरकारची नव्हे, कुळांची आणि खाजगी मालकांची. तेव्हा परवाना कोणाचा आणि देखरेख कोणाची, हा प्रश्न वर्षानुवर्षे कोणी फारसा विचारला नाही. कोळसा ट्रकांत भरून गेला. बिळे उघडी राहिली. पावसाने ती भरली, आणि ओढ्यांच्या पाण्याचा पीएच ठिकठिकाणी तीनच्या आसपास आला. ते पाणी भातखाचरांत शिरले. मासे गेले, दगड नारिंगी झाले.

याविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे कोण गेले, हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे. खाणमालक गेले नाहीत हे उघडच. गेली ती शेजारच्या आसाममधल्या दिमासा विद्यार्थ्यांची संघटना. कारण जैंतिया टेकड्यांचे पाणी कोपिली नदीतून त्यांच्या मुलखात येते. लवादाने १७ एप्रिल २०१४ रोजी या बिळांच्या खाणींवर बंदी घातली. त्याच कोपिली नदीवर १९८० च्या दशकात वीजनिर्मितीचा मोठा सरकारी प्रकल्प उभा राहिला होता. नदीचे पाणी आम्ल झाल्यावर ते त्याच्या यंत्रांचे लोखंड खाऊ लागले, आणि दुरुस्तीसाठी संच पुन्हापुन्हा बंद ठेवावे लागले. वरच्या अंगाला कोणी कोळसा काढून पैसे केले, खालच्या अंगाला जनतेच्या पैशाने उभारलेल्या यंत्राला छिद्रे पडली. ज्यांना शेतकऱ्याचे भात आणि कोळ्याचा मासा हिशेबात धरण्याजोगा वाटत नाही, त्यांनी निदान हे लोखंड तरी धरावे.

बंदीने काय झाले? १३ डिसेंबर २०१८ रोजी, म्हणजे बंदीनंतर साडेचार वर्षांनी, पूर्व जैंतिया टेकड्यांत क्सान येथे अशाच एका बेकायदा खाणीत पाणी घुसले आणि पंधरा मजूर आत अडकले. नौदलाचे पाणबुडे गेले. आपल्या मराठी मुलखातल्या किर्लोस्कर ब्रदर्सचे मोठे पंप तिथवर पोचले. एकही मजूर जिवंत वर आला नाही. बहुतेकांचे मृतदेहही हाती लागले नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये लवादाने मेघालय राज्याला शंभर कोटी रुपये भरायला सांगितले. त्याच वर्षी जुलैत सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम कोळशावरच्या आकारणीतून उभ्या राहिलेल्या पर्यावरण-निधीतून द्यायला सांगितले. यातून एक गोष्ट सिद्ध होते : कोळशाच्या पैशातून पाण्याचा हिशेब मांडता येतो. फक्त तो कोळसा निघून गेल्यावर, नदी बिघडल्यावर, माणसे मेल्यावर मांडला गेला.

इतके झाल्यावरही या रंगाचे कौतुक करणारे आहेत, आणि माझा राग मुख्यतः त्यांच्यावर आहे. सातवीतल्या एका मुलाने मागे नदीचे चित्र रंगवून आणले. पाणी असे निळे की शाईची दौत लवंडली असावी. मी म्हटले, "अरे, नदी एवढी निळी कुठे असते?" तो म्हणाला, "सर, खरंच आहे. घरच्या फोनवर फोटो पाहिला. मेघालयातली लुखा." त्याचे बरोबर होते. जैंतिया टेकड्यांतली लुखा नदी गेली काही वर्षे हिवाळ्यात अशी निळी होते. तिच्यात मासे मेल्याच्या बातम्याही २००७ पासून येऊ लागल्या. कोणी कोळशाच्या आम्लपाण्याकडे बोट दाखवले, कोणी जवळच्या सिमेंट कारखान्यांकडे. निळाईची फिर्याद कोणावर लावायची ते न्यायालये पाहून घेतील. मी त्या मुलाला पैकीच्या पैकी गुण दिले, कारण रंग बरोबर लागला होता. मग विचारले, "काठावर मासे धरणारा कोणी का नाही काढलास?" तो म्हणाला, "फोटोत नव्हता." लहान मुलाने दिलेले हे उत्तर त्या नदीचे फोटो भिंतीवर लावणाऱ्या मोठ्या माणसांनी एकदा स्वतःला देऊन पाहावे.

आमच्या वाचनालयात एक स्नेही येतात. सेवानिवृत्त, वाचलेले, आणि विकासाचे मोठे अभिमानी. त्यांच्याशी या विषयावर माझी बरीच झकाझकी झाली. त्यांचे मुद्दे इथे देतो, कारण ते त्यांच्या एकट्याचे नाहीत. तुमच्या ओळखीतही ते कोणीतरी मांडतच असेल.

त्यांचा पहिला मुद्दा : "मास्तर, हे निसर्गाचंच काम आहे. खाणी नव्हत्या तेव्हाही असे ओढे होते." होते. स्पेनमधली रिओ तिंतो नदी लालभडक आहे. तिच्या पाण्याचा पीएच २ च्या जवळपास, आणि तिथल्या डोंगरात पायराइट इतका, की माणसाचा हात लागण्यापूर्वीही तिथले पाणी आम्ल झालेले असल्याच्या खुणा भूशास्त्रज्ञांना सापडल्या आहेत. पण त्याच डोंगरात सुमारे पाच हजार वर्षे खाणकाम चालले, हे का विसरता? निसर्ग डोंगराचा पापुद्रा काढतो. माणूस डोंगर फोडून त्याचा चुरा करतो. अख्खी सुपारी तोंडात धरली तर बराच वेळ टिकते, कातरलेली लगेच विरते, पायराइटाचेही तसेच. आणि अलीकडे अलास्कातल्या ब्रूक्स पर्वतराजीत निदान ७५ प्रवाह नारिंगी झाल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे खाणी नाहीत. गोठलेली जमीन वितळून तिच्यातली खनिजे उघडी पडली. जमीन वितळते कशाने, तर जगाचे तापमान वाढल्याने. ते वाढवण्यात कोळशाचा वाटा केवढा, हे मला सांगायला लावू नका.

दुसरा मुद्दा : "खाण बंद झाली ना? मग प्रश्न मिटला." हा मुद्दा सर्वांत घातकी, कारण तो सर्वांत सभ्य दिसतो. खाण चालू असते तोवर मालकाला कोळसा हवा असतो, म्हणून तो पंप लावून पाणी उपसतो. खाण बंद झाली की आधी पंप बंद होतो. पाणी चढू लागते, आतल्या भिंतींवर साचलेले आम्ल-क्षार धुऊन काढते आणि वाट मिळेल तिथून बाहेर पडते. इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात व्हील जेन नावाची कथिलाची खाण होती. ती १९९१ साली बंद पडली. जानेवारी १९९२ मध्ये साचलेले पाणी फुटून कोट्यवधी लिटर नारिंगी लोंढा कार्नन नदीतून फाल खाडीत गेला. तिथले पाणी शुद्ध करण्याचा कारखाना पुढे सरकारी खर्चाने उभारावा लागला, आणि तो असा कारखाना आहे की त्याला सुट्टी नाही. कथिल कधीच संपले. पाणी संपत नाही. खाणमालकाच्या दप्तरात ‘खाते बंद’ असा शेरा पडतो त्या दिवशी ओढ्याचे खाते उघडते, हे आधी समजून घेतले पाहिजे.

तिसरा मुद्दा : "त्यात काय एवढं? चुना टाकावा." टाकावा ना! पण किती, किती दिवस आणि कोणी? एक किलो पायराइटाचे आम्ल मारायला सुमारे १.७ किलो चुनखडी लागते. बरे, नुसती चुनखडी ओतून भागत नाही; तिच्यावरच लोखंडाचे पूट चढते आणि ती आतल्याआत कोंडली जाते. म्हणून तळी बांधावी लागतात, साका खाली बसू द्यावा लागतो, आणि बसला की तो उपसून कुठेतरी नेऊन ठेवावा लागतो. मग पुन्हा तेच. हे काम एका दिवसाचे नाही, एका पिढीचेही नाही. चुन्याची सूचना देणाऱ्याने चुना कोणाला लागतो आहे तेही पाहावे.

इथे एक चांगली बातमी सांगतो, कारण सणाच्या दिवशी नुसती किरकिर बरी नव्हे. अमेरिकेत ओहायो राज्यात जॉन सॅब्रॉ नावाचे चित्रकार आणि गाय रिफ्लर नावाचे अभियंते यांनी मिळून या ओढ्यांतल्या साक्यापासून चित्रकाराचे रंग तयार केले. पाणी शुद्ध करायचे, साका वाळवायचा, भाजायचा, आणि पिवळा, तांबडा, जांभळट असे रंग नळ्यांत भरून विकायचे. ते रंग बाजारात आले. चित्रकलेचा मास्तर म्हणून मला हे वाचून अतिशय आनंद झाला. पण आमच्या स्नेह्यांनी लगेच टाळी दिली, "बघा, कचऱ्याचं सोनं झालं!" तिथे मात्र मी हात मागे घेतला. साऱ्या जगातल्या चित्रकारांनी जन्मभर नारिंगी सूर्यास्तच रंगवायचे ठरवले, तरी एवढा रंग खपायचा नाही. शिवाय त्या दोघांनी दुसऱ्याने केलेली घाण उपसली. त्यांचे पुण्य त्यांच्या पदरी. ते खाणमालकाच्या खात्यावर कसे जमा होते?

शेवटचा मुद्दा त्यांनी आवाज खाली आणून मांडला : "गरिबाच्या पोटावर पाय द्यायचा का?" या मुद्द्याला मी हसणार नाही. टेकडीवरच्या माणसाला दुसरा रोजगार नसतो तेव्हा तो बिळात शिरतो, आणि घरबसल्या त्याला पाण्याची शुद्धता शिकवायला मला लाज वाटेल. पण गरीब म्हणजे कोण? बिळात शिरणारा गरीब. तसा खालच्या गावचा भातवालाही गरीब, आणि जाळे कोरडे घेऊन परतणारा कोळीही गरीब. या वादात कोळशाचा पैसा ज्याच्या घरी गेला तो कधी समोर येतच नाही. तो एका गरिबाला पुढे उभा करतो आणि दुसऱ्या गरिबाला गप्प करतो. क्सानच्या त्या पंधरा मजुरांच्या पोटाची काळजी वाहणाऱ्यांनी त्यांच्या जिवाची काळजी का वाहिली नाही, एवढे मला कोणी सांगावे.

मग मला हवे तरी काय? कोळसा काढूच नये, असे मी म्हणत नाही. ज्या दिव्याखाली बसून मी हे लिहितो आहे त्याची वीज कुठून येते ते मला ठाऊक आहे. माझे म्हणणे एवढेच : खाण उघडण्यापूर्वी, पहिली टोपली वर येण्यापूर्वी, खडकात पायराइट किती आहे ते तपासा. पाणी बिघडण्यासारखे असेल तर ते किती वर्षे शुद्ध करावे लागेल याचा खर्च मांडा, आणि तेवढी रक्कम मालकाकडून आधी ठेव म्हणून घ्या. परवडत नसेल तर ती खाण तोट्यात आहे, आणि ती आपल्याला फुकट स्वस्त दिसत होती इतकेच. हे काही आकाशातले तारे तोडणे नव्हे. अमेरिकेत १९७७ च्या कायद्याने कोळशावर टनामागे कर बसवला आणि त्या पैशातून जुन्या सोडून दिलेल्या खाणी दुरुस्त करण्याचे काम सुरू झाले. ते कमी पडले, पुरून उरले नाही, हे खरे. पण कोळशाने पाण्याचे देणे द्यायचे असते, एवढे त्यांनी कागदावर मान्य केले. ज्या जुन्या बिळांचे मालक आता सापडणार नाहीत, त्यांची जबाबदारी सरकारने घ्यावी आणि आपण कर भरणाऱ्यांनी त्याला कुरकुर करू नये. आपणही तो कोळसा जाळलेला आहेच.

आणि हे मेघालयाचे गाऱ्हाणे आहे, आपल्याला काय त्याचे, असे महाराष्ट्रात बसून म्हणण्यात अर्थ नाही. आपल्या कोळशात गंधक कमी ही आपली पुण्याई नव्हे, भूगर्भाची कृपा आहे. गोव्यात खाणींच्या पावसाळी ओढ्यांना तांबडा रंग येतो तो मुख्यतः धुपून आलेल्या मातीचा, आम्लाच्या साक्याचा नव्हे. दोन रोगांची नावे वेगळी आहेत, औषधेही वेगळी आहेत. पण सवय एकच : डोंगर ज्याचा त्याने विकायचा, आणि पाणी सगळ्यांचे म्हणून कोणाचेच नाही असे समजायचे.

मराठीत ‘ठेव’ हा शब्द फार सुंदर आहे. विश्वासाने सांभाळायला दिलेली वस्तू ती ठेव. पुढच्या पिढीसाठी राखून ठेवतो तीही ठेव. ओढ्याच्या दगडावर बसलेला हा नारिंगी थर हीदेखील एक ठेवच आहे, आणि ती आपल्या पिढीच्या हयातीत मोडता येणार नाही इतक्या मुदतीची आहे. तिच्यावर नाव मात्र कोणाचेच घातलेले नाही. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापारी लोक नव्या वहीवर कुंकू वाहतात, शुभलाभ लिहितात आणि हिशेबाला देव मानतात. ही चाल मला आवडते. माझे मागणे इतकेच आहे, की ज्यांनी डोंगरातून लक्ष्मी काढून नेली त्यांच्या वहीत यंदा एक पान ओढ्याच्या नावाने उघडावे, आणि त्याच्या नावेबाजूस काय लिहायचे ते खालच्या गावच्या माणसांना विचारून लिहावे.